खरा श्रीमंत कोण?

पुष्कळ जण म्हणतात की कारखानदाराला फक्त पैसा कळतो. मला हे पटत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचेच बघा ना.

त्यांचा जन्म १८६९ साली झाला. बेळगावात रामूअण्णा या भावाबरोबर त्यांनी सायकलचे दुकान चालवले. मग लोखंडी नांगर बनवला. पण लोखंडाने जमीन नासते असे शेतकऱ्यांना वाटायचे, म्हणून नांगर कोणी घेईचना. तरी त्यांनी धीर सोडला नाही. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधच्या राजांनी कुंडलजवळ माळरान दिले. तिथे नुसते निवडुंग आणि साप! पण १९१० साली तिथेच किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखान्याबरोबर कामगारांची घरे पण झाली. तिथे शिवाशीव चालत नसे. तुरुंगातून सुटून आलेल्यांनासुद्धा त्यांनी काम दिले.

आपल्या नारपोलीत मागांचा खडखडाट रात्री पण चालू असतो. कितीतरी कामगार लांबच्या गावाहून येतात आणि एकेका खोलीत दाटीवाटीने राहतात. कापड तर तेच विणतात. म्हणून माझे मत असे आहे की मालकांनी त्यांच्यासाठी हवेशीर खोल्या आणि पिण्याचे पाणी यांची सोय करावी.

कोणी म्हणेल, लहान मालकाला हे कसे परवडणार? एकट्याला नाही परवडणार. पण दहा जण एकत्र आले तर का नाही जमणार?

आपल्या घराबरोबर दुसऱ्याच्या घराची काळजी करतो तोच खरा श्रीमंत. पालकांनो, तुम्हाला काय वाटते?

– इयत्ता चौथी