‘कारण अज्ञात’ असं कुणी लिहिलं?

गेल्या आठवड्यात शाळेतल्या मुलांशी समुद्राविषयी बोलायला गेले होते. पहिलाच प्रश्न आला बर्म्युडा त्रिकोणाचा. शांत समुद्र, निरभ्र आकाश, पाच मुरलेले वैमानिक आणि गायब झालेली त्यांची विमानं. मीही त्यांच्याच वयात ही गोष्ट वाचली होती, अगदी अशीच. त्यातला समुद्रही खोटा आहे, आकाशही आणि ते पाच मुरलेले वैमानिकही.

तारीख ५ डिसेंबर १९४५. दुपारी दोनच्या सुमारास फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलच्या तळावरून अमेरिकी नौदलाची पाच ॲव्हेंजर विमानं सरावासाठी निघाली. एकूण १४ माणसं. अनुभवी वैमानिक एकच, लेफ्टनंट चार्ल्स टेलर; बाकीचे चौघे प्रशिक्षण घेणारे. पूर्वेला बहामा बेटांकडे जायचं, उत्तरेला वळायचं आणि परत यायचं, एवढंच काम. दीडेक तासाने टेलर रेडिओवर सांगू लागला की दोन्ही होकायंत्रं बिघडली आहेत आणि आपण फ्लोरिडा कीज बेटांवर आलो आहोत. कीज मायामीच्या नैर्ऋत्येला. टेलर आधी मायामीच्या तळावर होता, ती बेटं त्याच्या नजरेतली होती. खाली दिसत होती ती बहुधा बहामाची बेटं. वरून ती सारखीच दिसतात. पण कीजवरून घर ईशान्येला आणि बहामावरून पश्चिमेला! पश्चिमेला वळलं तर घरी पोचू, असं तांड्यातला एक तरुण म्हणाल्याचं रेडिओवर ऐकू आलं होतं. टेलर मात्र दिशा बदलत राहिला.

साडेपाचला सूर्य मावळला. हवा बिघडत गेली, समुद्र खवळला. सहाच्या सुमारास किनाऱ्यावरच्या केंद्रांनी रेडिओलहरींवरून विमानांची जागा काढली: बहामाच्या उत्तरेला, उघड्या समुद्रावर. ही जागा टेलरला कळलीच नाही. एकाचंही इंधन दहा गॅलनवर आलं की सगळ्यांनी एकत्र पाण्यावर उतरायचं, असं त्याने शेवटी ठरवलं. काळोखात, तशा लाटांवर. पुढे काय झालं असेल, हे समजायला कुठल्याही अगम्य शक्तीची गरज पडत नाही. त्यांच्या शोधासाठी संध्याकाळी निघालेलं मारिनर विमानही १३ जणांसह गेलं. ते उडाल्यावर अर्ध्या तासाच्या आत एका तेलवाहू जहाजाने समुद्रावर उंच ज्वाळा पाहिल्या. इंधनाची वाफ आत कोंडण्याबद्दल ही विमानं कुप्रसिद्ध होती.

मला अस्वस्थ करतो तो यानंतरचा भाग. नौदलाच्या चौकशीने टेलरला दोषी धरलं. त्याच्या आईने ते मान्य केलं नाही. विमान मिळालं नाही, देह मिळाला नाही, मग माझ्या मुलावर ठपका कशाच्या आधारावर? नौदलाने शेवटी शेरा बदलला: कारण अज्ञात.

त्या आईचं म्हणणं रास्त होतं, असं मला वाटतं. पण तिच्या दुःखापोटी मिळालेल्या त्या दोन शब्दांवर इतरांनी धंदा मांडला. १९६४ मध्ये व्हिन्सेंट गॅडिसने एका मासिकात ‘बर्म्युडा त्रिकोण’ हे नाव रूढ केलं. १९७४ मध्ये चार्ल्स बर्लिट्झचं पुस्तक आलं आणि जगभर खपलं. पुढच्याच वर्षी लॅरी कुशे या ॲरिझोनातल्या ग्रंथपालाने जुनी वर्तमानपत्रं आणि हवामानाच्या नोंदी काढून एकेक प्रकरण तपासलं. ‘शांत समुद्रा’त नाहीशी झालेली कितीतरी जहाजं प्रत्यक्षात वादळात सापडली होती. काही तर त्या त्रिकोणाच्या जवळपासही नव्हती. कुशेचं हे काम घरोघरी पोचायला हवं होतं. पोचला तो बर्लिट्झ.

चूक, वादळ, न पोचलेला निरोप, कोंडलेली इंधनाची वाफ ही कारणं शोधता येतात आणि शोधली तर पुढची माणसं वाचतात. २०१४ मध्ये मलेशियाचं एमएच ३७० विमान २३९ जणांसह नाहीसं झालं, तेव्हा पाण्याखालून खूण देणाऱ्या यंत्राची बॅटरी ३० दिवस पुरेल एवढीच असायची. पुढे ती ९० दिवसांची करण्याचा नियम झाला. गूढकथांतून असे नियम निघत नाहीत.

मुलांना मी शेवटी आपल्या हवाई दलाच्या एएन-३२ विमानाचं सांगितलं. २२ जुलै २०१६ रोजी चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला जाताना ते २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं. मोठा शोध घेऊनही हाती काही लागलं नाही. साडेसात वर्षं २९ घरं तशीच राहिली. मग राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुडी यानाने चेन्नईपासून सुमारे १४० सागरी मैलांवर, ३,४०० मीटर खोल तळावर पडलेल्या अवशेषांची छायाचित्रं काढली. जानेवारी २०२४ मध्ये ते जाहीर झालं. छायाचित्रं एएन-३२च्या रचनेशी जुळत होती आणि त्या भागात दुसरं कुठलंही विमान बेपत्ता झाल्याची नोंद नव्हती.