भट्टीतली मासळी

कचेरीतून थकून आलेल्या माणसाने सायंकाळी तळणीच्या तेलाशीच झुंजावे, हा दंडक मला मुळीच मान्य नाही. कारण घोळ किंवा जिताडा यांसारख्या पांढऱ्या मासळीतील संयोजक तंतू इतके अल्प व कोमल असतात, की हळद, मीठ, लसूण व कोकमाचे आगळ चोळलेली तिची बिनकाट्याची, बोटभर जाडीची तुकडी २०० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये अवघ्या १०-१२ मिनिटांत शिजते, आणि त्यापुढील प्रत्येक मिनिट तिचा रस हिरावून घेते. केळीच्या पानात वाफ कोंडून शिजविलेल्या पारशी पात्रानी मच्छीचे मर्म हेच. मग ओव्हनला परकीय ठरवून बेदखल का करावे? मांसाचे पदर अलगद सुटू लागताच ती बाहेर काढावी. भाकरी तोवर तव्यावर असावीच.