वांगं मोठं कशानं होतं?

कुंडीतलं वांगं सुपारीएवढं राहतं, टोमॅटो लिंबाएवढा असतानाच लाल होतो, मिरचीची फुलं गळून जातात. मग मोबाईलवर उपाय शोधला जातो. केळीच्या सालींचं पाणी घाला, अंड्याची टरफलं पुरा, चहाचा चोथा टाका, आठ दिवसांत फळ दुप्पट! आमच्या निघोजेतही असे व्हिडिओ एकमेकांना पाठवले जातात. त्यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहिलं पाहिजे.

केळीच्या सालीत पालाश असतं, अंड्याच्या टरफलात कॅल्शियम, भाजीच्या देठांत नत्र. हे खरं. पण झाडाला साल खाता येत नाही. मातीतले जिवाणू आणि बुरशी ती कुजवतात, तेव्हा कुठे तिच्यातलं अन्न मुळांपर्यंत पोहोचतं. साल भिजवलेल्या पाण्यात थोडं पालाश उतरतं, त्यात झाडाचं जेवण होत नाही. टरफल मातीत मुरायला कित्येक महिने जातात. टोमॅटोचं बूड काळं पडलं की लोक टरफलं पुरतात, पण बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो. एक दिवस पूर आणि चार दिवस दुष्काळ असं पाणी घातलं, की मातीत असलेलं कॅल्शियमही फळापर्यंत जात नाही. दूध-साखरेच्या चहाचा चोथा न धुता टाकला तर मुंग्यांची दावत होते. आणि ओला कचरा थेट मुळाशी गाडला तर तो तिथेच सडतो, मुळांची हवा कोंडते, उंदीर माती उकरतात.

म्हणून आधी खत, मग झाड. रंगाची रिकामी २० लिटरची बादली घ्यावी, बुडाला आणि बाजूंना भोकं पाडावीत. तळाशी काटक्या किंवा नारळाच्या शेंड्या. रोजच्या साली-देठांच्या एका थरावर सुक्या पानांचे किंवा लाकडाच्या भुशाचे दोन थर, आणि मधूनमधून मूठभर माती. आतला ऐवज पिळलेल्या फडक्याइतका ओला असावा. वास आला तर समजावं, ओलं जास्त झालंय. सुकी पानं घालून हलवावं. मटण-मासळी, हाडं, तेलाचं किंवा मिठाचं शिजलेलं अन्न यात नको. दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पावसाच्या मातीसारखा वास येणारं खत तयार होतं. कुंडीत एक वाटा खत आणि दोन वाटे माती पुरेशी. त्याहून जास्त खत म्हणजे जास्त फळ, असंही नाही. नत्राचा अतिरेक झाला की वांग्याचं झाड पानांनी डवरतं आणि फळाला विसरतं. सहा तास ऊन मिळत नसेल तर कुठलंच खत कामाचं नाही.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि साध्या माणसालाही प्रयोग करता येतो, पालापाचोळ्यातून सुपीक माती घडवता येते, हे शेतकऱ्यांना आणि गच्चीवाल्यांना दाखवलं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनमध्ये काम करणाऱ्या प्रीती पाटील यांनी त्याच वाटेनं कँटीनच्या गच्चीवर, तिथल्याच ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं वाढवली.

हे दुसरं उदाहरण निघोजेनं नीट वाचावं. इंद्रायणीकाठचं, खेड तालुक्यातलं हे गाव. जिथे शेतं होती तिथे आज मोटारींचे कारखाने आहेत, आणि कारखान्यांमागे कामगारांच्या खोल्यांच्या रांगा. कारखान्यांच्या कँटीनमध्ये रोज हजारो माणसं जेवतात. पोर्ट ट्रस्टच्या कँटीनला जे जमलं ते इथे का जमू नये? आणि खोल्यांच्या रांगांतून ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून विजेच्या खांबाखाली पडतो. गाय पिशवीसकट खाते. नदीला फेस येतो तेव्हा आपण कारखान्यांकडे बोट दाखवतो. त्यांना जाब विचारलाच पाहिजे, पण आपली पिशवी तरी आपल्याच हातात आहे. नदीपल्याड मोशीत पिंपरी-चिंचवड महापालिकेचा कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प २०२३ मध्ये सुरू झाला. पण कलिंगडाची साल म्हणजे जवळजवळ पाणीच, ते जाळून वीज होणार ती किती? तिची जागा मातीत आहे.

आता आपल्या घरचं बोलू. स्वच्छतेला ईमानाशी जोडणारा आपला दीन. वजूच्या पाण्याचाही इस्राफ करू नये, हे आपण मुलांना शिकवतो. झाड लावलं आणि त्याचं फळ पाखरानं खाल्लं तरी तो सदका, हेही सांगतो. मग रमजानमध्ये इफ्तारनंतर कलिंगड-पपईच्या सालींचा ढीग गल्लीच्या तोंडाशी का असतो? आपली तहारत उंबऱ्यापाशी संपत असेल, तर शेजाऱ्याच्या हक्काचं काय? मी हे मशिदीतल्या कमिटीलाही सांगतो: इफ्तारच्या दस्तरखानाशेजारी सालींसाठी एक वेगळं पिंप ठेवा. महिनाभराच्या सालींतून आवारातल्या झाडांचं वर्षभराचं खत सहज निघेल.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. उर्दूच्या तासाला ‘खत’ म्हणजे पत्र, मराठीच्या तासाला ‘खत’ म्हणजे खाद. मुलं हसतात, पण ‘खत’ दोन्ही अर्थांनी लक्षात ठेवतात. प्रत्येक शाळेत एक बादली आणि एक वाफा असावा, असं मला वाटतं. विज्ञानाच्या पुस्तकातले जिवाणू मुलांना तिथे कामाला लागलेले दिसतील.

लोक म्हणतात, भाड्याच्या खोलीत जागा कुठे, आणि एवढ्या खटाटोपापेक्षा बाजारातली भाजी स्वस्त. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एका बादलीवर कुटुंबाची भाजी होत नाही. कोथिंबीर, मेथी, थोड्या मिरच्या, चार वांगी होतील. पण घरातून बाहेर पडणारा कचरा निम्म्यावर येईल, हा नफा बाजारात विकत मिळत नाही. जागेचं उत्तर भाडेकरूनं एकट्यानं का शोधायचं? खोलीमागे भाडं घेणाऱ्या मालकानं आवाराचा एक कोपरा द्यावा. ग्रामपंचायतीनं प्रत्येक चाळीमागे एक खतखड्डा बांधावा. ओला-सुका कचरा वेगळा करा, असं २०१६ च्या केंद्राच्या नियमांनी घराघराला सांगितलं होतं. पण वेगळा केलेला कचरा एकाच घंटागाडीत ओतला जात असेल, तर बाई उद्यापासून वेगळा कशाला करील?

वांगं मोठं होतं ते जिवंत मातीनं, नियमित पाण्यानं आणि उन्हानं. त्यातलं ऊन अल्लाहनं फुकट दिलंय. जिवंत माती मात्र आपण रोज पिशवीत गाठ मारून खांबाखाली ठेवतोय. ती पिशवी आजच्या आज सोडता येईल.