रिश्ता पाहताना न विचारलेला प्रश्न

2020 च्या लॉकडाऊनमध्ये रोज टीव्हीवर आरोग्य खात्याची पत्रकार परिषद लागायची. आयसीएमआरच्या वतीने शांतपणे उत्तरे देणारे डॉ. रमण गंगाखेडकर तुमच्या घरातही पाहिले गेले असतील. गंगाखेड म्हणजे आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातले गाव, त्यामुळे हे आडनाव आले की कळमनुरीत आमचे कान टवकारायचे. कोरोनाने त्यांची ओळख घरोघरी झाली, पण आयुष्यभराचे काम वेगळेच होते. ज्या आजारांचे नाव आपण घरात मोठ्याने घेत नाही, ते एच.आय.व्ही. आणि गुप्तरोग.

थोडे मागे जाऊ. भारतात एच.आय.व्ही. पहिल्यांदा सापडला तो 1986 मध्ये, मद्रासला. त्या शोधामागे दोन बाया होत्या: डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या. आणि रक्ताचे नमुने गोळा करणारी त्यांची विद्यार्थिनी निर्मला. पुढे 1992 मध्ये पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. गंगाखेडकरांची कारकीर्द प्रामुख्याने तिथलीच.

तेव्हा सगळ्यांचा समज एकच होता. हा रोग वेश्यावस्तीतला, ट्रकवाल्यांचा. घरंदाज बाईला त्याचे काय? 1993 ते 1996 या काळात गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी 391 जणी वेश्याव्यवसायात नव्हत्या. बहुतेक लग्न झालेल्या, नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध नसलेल्या. त्यांच्यात 13.6 टक्के जणींना एच.आय.व्ही. निघाला. (या बाया आधीच तक्रार घेऊन दवाखान्यात आलेल्या होत्या, म्हणून हा आकडा गावातल्या सगळ्या बायकांना लावू नये.) कारण शोधले तर ज्यांच्या जोडीदाराला गुप्तरोग होता त्यांना धोका जास्त. गुप्तरोगाची जखम असली की विषाणूला शिरायला वाट सोपी होते. 1997 मध्ये हा अभ्यास अमेरिकेच्या 'जामा' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. बाईचा दोष एवढाच की तिचे लग्न झाले होते.

पुढे 2018 ला केरळातल्या निपाहच्या साथीत त्यांनी काम केले, 2020 ला पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी ते निवृत्त झाले. पण मला ते 391 बायकांसाठी लक्षात राहतात.

आपल्याकडे रिश्ता आला की खानदान विचारतो, नोकरी विचारतो, घर स्वतःचे की किरायाचे तेही विचारतो. मुलगा चार वर्षे पुणे-हैदराबादला एकटा राहिला, तर तब्येतीचे कोण विचारतो? शरम आड येते. फातिमा बिन्त कैस (रजि.) यांनी दोन रिश्त्यांबद्दल सल्ला विचारला तेव्हा पैगंबरांनी (स.) दोघांची उणीव स्पष्ट सांगितली होती: एकाजवळ पैसा नाही, दुसऱ्याच्या खांद्यावरची काठी खाली येत नाही. निकाहच्या सल्ल्यात खरे सांगणे गीबतमध्ये मोडत नाही, असे उलेमा याच हदीसवरून सांगतात.

मात्र एक गोष्ट बजावून सांगते. विचारायचे ते दोन्ही बाजूंनी. फक्त मुलीची तपासणी मागायची आणि मुलाला सोडायचे, हा कुठला इन्साफ? शिवाय 2017 च्या कायद्यानुसार संमतीशिवाय एच.आय.व्ही.ची तपासणी करता येत नाही आणि कुणाचा रिपोर्ट मोहल्ल्यात फोडताही येत नाही. तपासणी दोघांनी स्वखुशीने करावी, निकाल ज्याने त्याने आपल्या तोंडाने सांगावा. संसर्ग ताजा असेल तर सुरुवातीला तपासणीत दिसत नाही, म्हणून डॉक्टर म्हणतील तेव्हा पुन्हा करावी लागते.

आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाच, तर? सरकारी केंद्रात तपासणी मोफत आहे, औषधे 2004 पासून मोफत मिळतात. गोळ्या रोज, न चुकता घेतल्या आणि रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, तर जोडीदाराला संबंधातून लागण होत नाही. आईने वेळेत उपचार घेतले तर बाळही बहुधा वाचते. कुणाला तोंड उघडून विचारायची हिंमत होत नसेल तर 1097 हा फोन नंबर आहे. त्याला पैसे लागत नाहीत.