स्फटिक 0.36 नॅनोमीटरचा

एमएस्सी फिजिक्सच्या प्रोजेक्टची व्हायवा घ्यायला बाह्य परीक्षक म्हणून जाते, तेव्हा काळ्या बाइंडिंगचं, सोनेरी अक्षरांचं ते पुस्तक हातात पडलं की ऋणनिर्देश वगैरे सोडून मी आधी कणांच्या आकाराचा तक्ता काढते. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका तक्त्यात झिंक ऑक्साइडच्या स्फटिककणाचा आकार 0.36 नॅनोमीटर छापलेला होता. झिंक ऑक्साइडच्या एका युनिट सेलची उंचीच मुळी 0.52 नॅनोमीटर. म्हणजे भिंत विटेपेक्षा छोटी!

हा आकार ज्यावरून काढतात ते शेररचं सूत्र 1918 सालचं आहे. क्ष-किरणांच्या आलेखातलं शिखर जितकं रुंद, तितका कण लहान, एवढंच ते सांगतं. फक्त ती रुंदी रेडियनमध्ये घालावी लागते. या मुलाने 0.4 अंश तसेच घातले आणि उत्तर 57 पटींनी खाली आलं. खरा आकार वीस-एकवीस नॅनोमीटर निघतो.

मी विचारलं, "युनिट सेल केवढी असते रे?" त्याने बरोबर आकडा सांगितला. "मग कण तिच्याहून लहान कसा?" तो गप्प झाला. इंग्रजीत दोन शब्द जुळवले, सोडून दिले आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मॅडम, रेडियन करायचं राहिलं." सगळं मिळून दोन-तीन मिनिटं गेली. पोराला फिजिक्स येत होतं. सहा महिन्यांत त्याला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. गाईडची सही झाली होती, विभागातलं सादरीकरण झालं होतं, आणि शेवटी जोडलेल्या साहित्यचोरी तपासणीच्या अहवालात साम्य दहा टक्क्यांच्या आत होतं.

या अहवालाचं आपल्याकडे फार कौतुक. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, म्हणून मुलं वाक्यं फिरवून फिरवून आकडा खाली आणत बसतात. आता तर पूर्ण प्रस्तावना यंत्र लिहून देतं, तीही कुठल्याच पुस्तकाशी न जुळणारी. सॉफ्टवेअर शब्द मोजतं. समज मोजायची तर समोरासमोर बसून प्रश्न विचारणं हाच एक उपाय आपल्या हाती उरला आहे, आणि नेमकी तीच गोष्ट आपण पोहे आणि चहा यांच्या मधल्या वेळेत उरकतो.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात दोन वर्षांच्या एमएस्सीला संशोधन प्रकल्पाचे तिसऱ्या सत्रात 4 आणि चौथ्यात 6 श्रेयांक आहेत. 88 पैकी 10. प्रत्यक्षात एका दिवशी वीस-पंचवीस मुलं, प्रत्येकाला दहा मिनिटं, त्यातली सात स्लाइडमध्ये जातात. मग "पुढे काय करता येईल?" हा ठरलेला प्रश्न, त्याचं पाठ केलेलं उत्तर, पुष्पगुच्छ, ग्रुप फोटो. यात गुण फारसे कुणाचे कापले जात नाहीत, म्हणून तक्रारही कुणी करत नाही.

माझं म्हणणं असं की व्हायवा प्रयोगशाळेतल्या यंत्रापाशी घ्यावी आणि पुस्तकाऐवजी कामाची वही उघडावी. आपल्या कॉलेजांत स्प्रे पायरोलिसिस लोकप्रिय आहे, कारण ते स्वस्त पडतं. हॉट प्लेट, कॉम्प्रेसर, नोझल आणि झिंक अ‍ॅसिटेटचं द्रावण. चारशे अंशांच्या आसपास तापलेल्या काचेवर फवारलं की पातळ थर बसतो. ऐकायला सोपं, पण तापमान उतरलं तर थेंब ओले पोहोचतात आणि थर खडबडीत होतो. फार चढलं तर द्रावण वाटेतच सुकून काचेवर भुकटी पडते. एका मुलीच्या वहीत मी वाचलं: "लाइट गेली. प्लेट थंड. काच क्र. 4 पांढरट." पुस्तकात काच क्रमांक 4 नव्हती. "सर म्हणाले, बिघडलेलं दाखवू नको." अगं, तीच तर दाखवायची! तापमान आणि थर यांचं नातं त्या एका काचेवर पुस्तकातल्या चकचकीत आलेखांपेक्षा जास्त स्पष्ट दिसत होतं, आणि त्यावर ती न अडखळता बोलली. बोलली मराठीत. माझ्यासोबतच्या परीक्षकांना ते खटकलं. मला नाही. प्रबंध इंग्रजीत असू दे, पण तोंडी उत्तराला ती अट घालून आपण फिजिक्स तपासत नाही. शाळेत 'अपवर्तन' म्हणत वाढलेल्या मुलीचा धीर तपासतो.

फसलेल्या काचांसाठी प्रबंधात एक प्रकरण असावं आणि त्याला गुण असावेत. गाईड लोकांना भीती वाटते की बाहेरचा परीक्षक नाव ठेवील. ठेवू दे. ज्या प्रबंधात सगळेच नमुने पहिल्या फटक्यात जमलेले दिसतात, त्याच्याकडेच मी जास्त संशयाने बघते.

स्वीडनमधल्या अनेक विद्यापीठांत मास्टर्सच्या प्रबंधाला एक सहविद्यार्थी अधिकृत विरोधक म्हणून नेमतात. त्याने प्रबंध आधी वाचायचा आणि सगळ्यांसमोर आक्षेप घ्यायचे. हेही त्याच्या शिक्षणातच धरलं जातं. आपल्या पोरांना हे सहज जमेल. हॉस्टेलवर रात्री ती एकमेकांचे आलेख फाडतातच, फक्त सरांसमोर मैत्रिणीला अडचणीत आणायचं कसं म्हणून गप्प बसतात. ते काम नेमून दिलं की संकोच उरणार नाही.

राहता राहिला वेळेचा मुद्दा. विभागप्रमुख मला हिशेब करून दाखवतात: पंचवीस मुलं, चाळीस-चाळीस मिनिटं, म्हणजे सतरा तास, तीन दिवस जातील, परीक्षकांच्या मानधनाचा प्रश्न येईल, निकाल लांबेल. हिशेब बरोबर आहे. मग तीन दिवस लावा, मानधन वाढवून मागा. तेही मिळत नसेल तर निदान स्लाइड बंद करा, म्हणजे त्या दहा मिनिटांतली सात तरी प्रश्नांसाठी मोकळी होतील.