तलफ शमेल; पण माणूस सावरेल का?

१९५४ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे, मॅकगिल विद्यापीठात, जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या दोन संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसविल्या. पिंजऱ्यातील कळ दाबली की मेंदूच्या एका विशिष्ट भागाला विजेचा सूक्ष्म स्पर्श होई. उंदीर ती कळ दाबू लागले आणि दाबतच राहिले. तासातून शेकडो वेळा. पुढील प्रयोगांत तर समोरच्या अन्नाकडे पाठ फिरवून कळीला चिकटून राहणारे उंदीर आढळले. मेंदूतील सुखाची वाट एकदा ताब्यात गेली की पोटाची भूकही पराभूत होते, हे भीषण सत्य त्या पिंजऱ्यात प्रथम दिसले.

त्याच मेंदूला विजेचा आणि चुंबकाचा स्पर्श देऊन आज उलट काम साधण्याची धडपड चालू आहे. व्यसनाची तलफ शमविण्याची. १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर यांनी कवटीला धक्का न लावता बाहेरून चुंबकीय लहरींनी मेंदू उद्दीपित करण्याचे यंत्र सिद्ध केले. डोक्यावर वेटोळे ठेवायचे, त्यातून क्षणभर प्रवाह सोडायचा, आणि निर्माण होणाऱ्या चुंबकीय क्षेत्राने त्याखालील पेशी जागवायच्या, एवढीच ही युक्ती. नैराश्यावरील उपचार म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. ऑगस्ट २०२० मध्ये सिगारेट सोडू इच्छिणाऱ्या प्रौढांसाठीही तिच्या एका प्रकाराला परवानगी मिळाली.

या परवानगीमागील आकडे डोळसपणे पाहावे लागतील. २६२ जुन्या धूम्रपानकर्त्यांवर हा प्रयोग झाला. निम्म्यांना खरा उपचार, निम्म्यांना केवळ उपचाराचा आभास. ज्यांनी उपचार पूर्ण केला, त्यांपैकी खऱ्या उपचारानंतर २८ टक्के लोक सलग चार आठवडे सिगारेटपासून दूर राहिले. आभासी उपचारात हे प्रमाण ११.७ टक्के होते. मध्येच उपचार सोडणाऱ्यांना हिशेबात धरले, तर हेच आकडे १९.४ आणि ८.७ इतके खाली येतात. म्हणजे यश दुपटीहून अधिक. आणि तरीही पाचांतील चौघे जिथे होते तिथेच. यातील पहिले अर्धे वाक्य जाहिरातीत छापले जाईल. दुसरे अर्धे समाजाने लक्षात ठेवावयाचे आहे.

कोकेनबाबतही असाच धडा मिळाला. इटलीतील पादुआ येथे ३२ रुग्णांवर झालेल्या छोट्या प्रयोगाने २०१६ मध्ये मोठी आशा निर्माण केली. पुढे आभासी उपचाराशी काटेकोर तुलना झाली, तेव्हा दोहोंत ठळक फरक नाही, असेही निष्कर्ष आले. विज्ञान असेच चालते. त्यात लाजिरवाणे काही नाही. लाजिरवाणी असते ती अर्धवट निष्कर्षांवर उभी राहणारी दुकानदारी.

याहून गंभीर मार्ग शस्त्रक्रियेचा आहे. कवटीला छिद्र पाडून मेंदूच्या खोल भागात तारा बसवायच्या आणि छातीत बसविलेल्या छोट्या यंत्रातून त्यांना सतत वीज पुरवायची. कंपवाताच्या रुग्णांना या पद्धतीचा लाभ होतो, हे सिद्ध झालेले आहे. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी अमेरिकेतील अशी पहिली शस्त्रक्रिया वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात २०१९ मध्ये झाली. पहिल्या चार रुग्णांपैकी दोघे पूर्णतः व्यसनमुक्त राहिले, एकाची किरकोळ घसरण झाली आणि एकाच्या मेंदूतील तारा काढून घ्याव्या लागल्या. इतर सारे उपाय थकलेल्या माणसासाठी हे आशादायक आहे. परंतु चार माणसांवरून सिद्धांत उभा राहत नाही.

चीनचा अनुभव तर इशारा देणाराच आहे. तेथे शेकडो व्यसनाधीनांच्या मेंदूतील सुखकेंद्राचा भाग शस्त्रक्रियेने कायमचा निकामी करण्यात आला. अखेर २००४ मध्ये सरकारलाच हा प्रकार थांबवावा लागला. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा शस्त्रक्रियेसाठी रुग्णाची जाणीवपूर्वक संमती आणि मंडळाची मान्यता या दोन्ही अटी घातल्या आहेत, हे योग्यच झाले. मुलाच्या व्यसनाने हताश झालेला पिता कोणत्याही कागदावर सही करील. म्हणूनच कायद्याने रुग्णाची स्वतःची संमती मागितली आहे.

मग या संशोधनाचे स्वागत करावे की नाही? निःशंकपणे करावे. एका गोष्टीसाठी तर ते केलेच पाहिजे. तलफ ही मेंदूत घडणारी, मोजता येणारी आणि काही प्रमाणात बदलता येणारी घटना आहे, हे या संशोधनाने दाखविले. २००७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना असे धूम्रपानकर्ते आढळले, की मेंदूच्या एका भागाला आघाताने इजा झाली आणि सिगारेटची ओढच नाहीशी झाली. 'मनात आणले तर उद्या सोडेल' असे म्हणून व्यसनाधीनाला नालायक ठरविणाऱ्या समाजाने यातून बोध घ्यावा. मनोनिग्रहाचे महत्त्व मराठी माणसाला 'मनाचे श्लोक' बालपणापासून सांगत आले आहेत. परंतु निग्रह ज्या अवयवातून करायचा तोच जायबंदी झाला असेल, तर उपदेशाआधी उपचार हवा.

आणि उपचाराची स्थिती काय आहे? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मद्यावर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणता तरी उपचार मिळतो. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनापायी मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख लोक देशात आहेत. तंबाखूचे म्हणाल, तर आपल्याकडे ती ओढण्यापेक्षा अधिक खाल्लीच जाते. विदर्भातला खर्रा आणि खेड्यापाड्यांतली मिश्री यांच्यावर सिगारेटसाठी सिद्ध झालेले यंत्र चालेल, असे गृहीत धरता येणार नाही. जिथे साधा समुपदेशक पोहोचलेला नाही, तिथे चुंबकाच्या यंत्राची स्वप्ने कोणासाठी?

शिवाय तलफ म्हणजे संपूर्ण व्यसन नव्हे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या सुमारे २० टक्के सैनिकांना हेरॉइनचे व्यसन जडले होते. मायदेशी परतल्यावर वर्षभरात त्यांपैकी पुन्हा व्यसनात अडकलेले अवघे ५ टक्के निघाले. त्यांच्या मेंदूला कोणी हात लावला नव्हता. बदलले होते ते भोवताल: घर, नाती, काम.

पुण्याच्या मुक्तांगणने हेच ओळखले. गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांविषयी डॉ. अनिल अवचटांनी लिहिले, पु. ल. देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले आणि १९८६ मध्ये डॉ. सुनंदा अवचटांनी हे केंद्र उभे केले. तेथे औषधे आहेत. पण त्याहून अधिक आहे ती व्यसनातून बाहेर पडलेल्यांनी नव्याने आलेल्यांना दिलेली साथ, आणि होरपळलेल्या पत्नींना व मात्यापित्यांना दिलेला आधार. रुग्ण घरी परततो तेव्हा खरी परीक्षा सुरू होते, हे तेथील प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे.

यंत्र तलफेच्या लाटेला काही काळ थोपवू शकेल. त्या मिळालेल्या अवधीत बुडणाऱ्याने कोणाचा हात धरायचा, याची तरतूद यंत्रात नसते. ती कुटुंबाने, शेजाराने, कामावर परत घेणाऱ्या मालकाने आणि गावाने करावयाची असते. संशोधकांनी आपले काम करावे, सरकारने बाजारावर वचक ठेवावा आणि समाजाने परतणाऱ्यासाठी दार उघडे ठेवावे. हे दार बंद राहिले, तर जगातील सर्वोत्तम यंत्रही त्या माणसाला पुन्हा त्याच पिंजऱ्यात, त्याच कळीपाशी नेऊन सोडील.