चाळिशीत चेलो? का नाही!

"आता या वयात कशाला?" हा आपला नॅशनल डायलॉग आहे. चाळिशीच्या काकांनी चेलो शिकतो म्हटलं की तो हमखास ऐकू येतो. त्यात शिक्षक सापडणं कठीण, फी जास्त आणि क्लासमध्ये शेजारचं आठ वर्षांचं पोर आपल्यापेक्षा छान वाजवणार! मग काय, इच्छा मनातच राहते.

म्हणूनच इंटरनेटवरचे फुकट धडे मला मोलाचे वाटतात. ऑफिसहून आल्यावर रात्री व्हिडिओ लावा, एकच ओळ वीस वेळा बघा, कोणी हसत नाही. बाखचे सहा चेलो सुइट्स १७२० च्या आसपासचे, त्यामुळे कॉपीराइटची कटकट नाही. २००६ साली सुरू झालेल्या आयएमएसएलपीवर त्यांचं नोटेशन मोफत मिळतं.

पण एक प्रॉब्लेम आहेच. चेलोला गिटारसारखे पडदे नसतात. बोट जरा सरकलं की सूर गेलाच! आपल्या भाषेत ही ओपन लूप सिस्टिम. व्हिडिओ शिकवतो, पण तुमचं ऐकत नाही. बो धरताना अंगठा ताठ झाला, खांदा वर चढला, तर सांगणार कोण? तेव्हा रोज व्हिडिओ आणि महिन्यातून एकदा तरी समोर बसून ऐकणारा शिक्षक, असं माझं मत.

नुसत्या व्हिडिओंवर कोणी मोठा कलाकार होईल असं मी म्हणत नाही. पण काकांना कुठे कॉन्सर्ट द्यायचीय? त्यांना स्वतःसाठी वाजवायचंय. तर मित्रांनो, घरात कोणी बो हातात घेतला तर प्लीज, हसू नका!